विसरलेला भगीरथ : दारू सोडण्याची मराठी गोष्ट आणि तालुक्याची ओपीडी

(महाड येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय साहित्याचा, मग त्यात दवाखान्याची ओपीडी कुठून आली, असं इथं बसलेल्यांपैकी काहींना वाटत असेल. म्हणून आधी तेवढंच स्पष्ट करतो आणि पुढं जातो.

घरात एखादा माणूस प्यायला लागला, की घरची माणसं लगेच डॉक्टरकडं जात नाहीत. हे जे चाललंय ते पुढं कुठवर जाणार, याचा अंदाज ती आधी बांधतात. हा अंदाज कशावरून बांधतात? ऐकलेल्या, पाहिलेल्या गोष्टींवरून. आणि मराठीत दारूची गोष्ट म्हटलं की एकच नाव येतं, ‘एकच प्याला’. ज्यांनी हे नाटक कधी पाहिलेलं नाही, तेसुद्धा त्यातलं एक पात्र सर्रास वापरतात. थर्टी फर्स्टच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडा, तळीरामांवर कारवाई झाल्याची बातमी असतेच. पात्राच्या नावाचं सामान्यनाम व्हावं, हे फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं. राम गणेश गडकऱ्यांच्या आलं.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं. मराठीतल्या दारूच्या गोष्टीला दोनच शेवट आहेत. एक, माणूस संपतो. दोन, माणसाला कुठंतरी दाखल करतात आणि तो तिथून सुधारून येतो. पण तिसराही एक मार्ग आहे. माणूस घरीच राहतो, जमेल तसा कामावर जातो, आठवड्यातून एकदा केसपेपर घेऊन ओपीडीत बसतो, गोळ्या घेतो, बोलतो, मध्येच घसरतो, परत जातो, आणि वर्ष-दीड वर्षात हळूहळू सुटतो. या मार्गाची गोष्ट आपल्याकडं नाही. निदान आपण ती ओळखलेली नाही. आणि गोष्ट नाही म्हणून तो मार्ग लोकांच्या ध्यानातच येत नाही. महाड-पोलादपुरात ही नुसती साहित्याची उणीव राहत नाही, तिची किंमत माणसं मोजतात.

किंमत किती, ते सांगतो. दिल्लीच्या ‘एम्स’नं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक. आपल्या डोक्यात ‘उपचार’ म्हटल्यावर जे चित्र येतं, ते या १८० मधल्या एकाचं आहे. बाकीच्या १७९ जणांची गोष्ट कोणी सांगायची?

सुधाकर : उतार फक्त खालीच जातो

‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. गडकरी तोवर गेले होते. गंधर्व नाटक मंडळीनं ते केलं आणि बालगंधर्वांनी सिंधू साकारली. कथा तुम्हाला ठाऊक आहे. सुधाकर बुद्धिमान वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, संताप आवरत नाही आणि तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. तिथून घर, अब्रू, मूल, बायको आणि शेवटी स्वतः, सगळं जातं.

नाटकाचं सामर्थ्य त्याच्या नावातच आहे. एकच प्याला! म्हणजे सगळं पहिल्या घोटाशी ठरलं, त्यानंतर निवड नाहीच. सुधाकर रामलालला व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो, तो उतारा मराठी गद्यातल्या उत्तम उताऱ्यांपैकी आहे, यात मला शंका नाही. आतून कळणारं, विलक्षण नेमकं वर्णन आहे ते. पण त्याचा निष्कर्ष काय? आता परतीची वाट बंद. आणि हे कोण सांगतंय? पिणाराच. व्यसनातल्या माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं, तेच नाटकानं सत्य म्हणून मान्य करून टाकलं. प्रेक्षकांनीही केलं. शंभर वर्षं आपण सुधाकरच्या निराशेला शास्त्र समजत आलो.

आता नाटक जरा वेगळ्या नजरेनं वाचू. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो. हो, सोडतो. सिंधूच्या चेहऱ्यावर हसू येतं. तो नोकरी शोधायला बाहेर पडतो, जुन्या ओळखीच्यांकडं जातो. तिथं काय होतं? कोणी विश्वास ठेवत नाही, उलट अपमान होतो. आणि तो पुन्हा पेल्याकडं वळतो, या वेळी कायमचा. म्हणजे दुसऱ्यांदा सुधाकर पडतो तो पेल्याच्या जादूनं नाही. दारू सुटल्यानंतरच्या दिवसांत त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं, म्हणून पडतो. काम नाही, आठवड्याला भेटून ‘कसं चाललंय’ विचारणारं कोणी नाही, आणि घसरलाच तर परत ये म्हणणारंही कोणी नाही. गडकऱ्यांच्या लेखणीला हे दिसलं, त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. नाटकाच्या नावानं मात्र ते झाकून टाकलं.

भगीरथ : आपण ज्याला विसरलो

याच नाटकात एक माणूस दारू सोडतो आणि ती सुटलेली राहते. त्याचं नाव भगीरथ. प्रेमभंगामुळं प्यायला लागलेला तरुण, तळीरामाच्या त्या आर्यमदिरामंडळात जाऊन बसणारा. रामलाल त्याच्याशी बोलतो, त्याला लोकसेवेचं काम दाखवतो आणि भगीरथ दारूतून बाहेर पडतो.

बघा, त्याला कोणी कोंडलं नाही, कोणी फसवून काही पाजलं नाही. एक भला माणूस त्याच्याशी बोलला, त्याचं दुःख ऐकलं आणि रिकाम्या वेळेत करायला काहीतरी दिलं. आजच्या भाषेत रामलालनं समुपदेशनच केलं. नाटककारानं नाव तरी काय दिलंय! भगीरथ. ‘भगीरथ प्रयत्न’ हा शब्द मराठी घरात पोरासोरांनाही कळतो. मग तळीराम सामान्यनाम झाला आणि भगीरथ का झाला नाही? ‘अमक्याचा भगीरथ झाला’ असं का म्हणत नाही आपण?

याला गडकरीही काही अंशी जबाबदार आहेत. भगीरथचं दारू सोडणं नाटकात फार पटकन उरकतं. उपदेश झाला, मन पालटलं, संपलं. पहिली रात्र कशी गेली, हात कापले का, चौथ्या दिवशी मित्र भेटले तेव्हा काय झालं, काहीच नाही. सुधाकरच्या प्रत्येक घोटाला नाटकात वेळ आहे, भगीरथच्या सुटकेला नाही. आणि रंगमंचावर ज्याला वेळ मिळत नाही, ते प्रेक्षकांच्या आठवणीत राहत नाही. पुढच्या सगळ्या मराठी दारूकथांनी हीच विभागणी उचलली. बिघडणं सविस्तर, सुधारणं एका वाक्यात.

सिंधू, आणि १९२७ चं महाड

आता सिंधू. दळण दळून घर चालवणारी, शेवटपर्यंत नवऱ्याच्या बाजूनं उभी राहणारी. बालगंधर्वांच्या गळ्यानं तिला देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. दारुड्याच्या बायकोनं कसं असावं, याचा तो नमुनाच झाला. सोसत राहणं, झाकत राहणं.

‘एकच प्याला’नंतर आठ वर्षांनी, याच गावात, अगदी वेगळा आवाज उमटला. डिसेंबर १९२७. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्चमध्ये झाला होता. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. स्वच्छ राहा, मुलामुलींना शाळेत घाला, हे ते बोलले, आणि त्याचबरोबर असंही म्हणाले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. धनंजय कीरांच्या चरित्रात याची नोंद आहे.

महाडमध्ये आपण मार्च १९२७ लक्षात ठेवतो, डिसेंबरातलं दहनही ठेवतो. हे एक वाक्य मात्र फारसं आठवत नाही. मला ते वाक्य सिंधूला दिलेलं उत्तर वाटतं. बाबासाहेबांच्या मनात नाटक होतं असं मी म्हणत नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचतोय इतकंच. सिंधू दळते आणि वाढते. महाडच्या बाईला सांगितलं गेलं की वाढणं तुझ्या हातात आहे, म्हणजे न वाढणंही तुझ्या हातात आहे. दारूच्या गोष्टीत बायकोला पहिल्यांदा क्रियापद मिळालं.

हे वाक्यही तपासून बघायला हवं, नाहीतर टीका कसली? न वाढणं ही सीमा आहे, उपचार नाही. रागावून जेवण बंद केलं तर मारहाण होऊ शकते, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आणि जुना पिणारा उपाशीपोटी पीत राहिला तर शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व आणखी कमी होतं, मेंदूला इजा होते. ही आजची वैद्यकीय समज आहे. १९२७ मध्ये ‘याला तिथं ने’ असं सांगायला जागाच नव्हती, म्हणून वाक्य तिथं थांबलं. आज जागा आहे किंवा करता येते. तेव्हा त्या वाक्याचा पुढचा भाग आपण लिहायचा आहे. त्याची खोटी रजा मागू नका, त्याची उधारी फेडू नका, पण तो शुद्धीवर असताना, सकाळी, त्याच्याबरोबर केसपेपर काढायला जा. न पिता आलेल्या संध्याकाळी मात्र ताट वाढा आणि शेजारी बसा. घरच्यांशी बोलणारे समुपदेशक आज जवळजवळ हेच सांगतात.

मुक्तांगणची गोष्ट : फाटक आणि फाटकानंतर

आता दुसऱ्या शेवटाकडं येऊ, दाखल होण्याच्या. अनिल अवचटांनी ‘गर्द’मध्ये ब्राऊन शुगरच्या विळख्यातली पोरं दाखवली. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. त्याची सूत्रं डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदा, यांच्या हातात होती. पुढं अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहिली.

या पुस्तकानं मराठीत फार मोठं काम केलं. पिणारा आणि गर्द ओढणारा इथं पहिल्यांदा ऐकण्यासारखा माणूस झाला. अवचटांची छोटी छोटी वाक्यं, निवाडा न देणं, रुग्णाच्या तोंडची भाषा जशीच्या तशी ठेवणं, ‘टर्की’सारखा शब्द न संकोचता वापरणं, यामुळं वाचकाची किळस गेली. सुधाकरच्या निराशेवर मराठीत मिळालेलं पहिलं ठोस उत्तर हेच. माणूस परत येतो, हे नावागावासकट दिसलं.

पण पुस्तक मिटल्यावर मनात काय उरतं? ती वास्तू. ते फाटक, तिथली दिनचर्या, सगळे मिळून केलेली कामं, महिनाभराहून थोडा जास्त असा निवासी मुक्काम. फाटकातून आत जाणं हा गोष्टीचा गाभा होऊन बसतो. खरं तर मुक्तांगणचे लोक स्वतःच सांगत आलेत की खरी परीक्षा घरी गेल्यावर आहे. फॉलो-अपला या, पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, तिथं या. पण वाचकाला गोष्ट आवडते फाटकाची. आणि या पुस्तकाच्या प्रभावातून गावोगाव जी समजूत पसरली ती अशी, की व्यसनमुक्ती म्हणजे केंद्र, केंद्र म्हणजे ‘टाकणं’. आपली भाषा बघा. ‘त्याला केंद्रात टाकलं.’ वस्तू टाकतात तसं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीत राहणारा माणूस घ्या. सकाळी एसटीनं खाली उतरतो, महाडच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडं कामाला. खाडा झाला की हजेरी बुडाली. महिना-सव्वा महिना तो कुठं जाऊन राहणार? गेला तरी परत आल्यावर जागा राहील का? जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, महाडहून सुमारे शंभर किलोमीटर, पोलादपूरहून आणखी लांब. एका भेटीला अख्खा दिवस जातो. या माणसाला ‘एक तर दाखल हो, नाहीतर सुधाकर हो’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं आहे.

भिंतीवरची जाहिरात आणि गळ्यातली माळ

या पोकळीत तिसरी एक गोष्ट घुसलेली आहे, आणि ती साहित्य नाही म्हणून तिच्याकडं दुर्लक्ष करू नये. रस्त्याकडेच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या आसपास तुम्ही वाचली असेल. दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. चार शब्दांची ही सगळ्यात जास्त वाचली गेलेली मराठी दारूकथा. तिच्यात पिणाऱ्याला बोलायला एकही वाक्य नाही. भाजीत पावडर मिसळायची, बस्स. त्या पुडीत काय आहे हे अनेकदा पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध आहे, ते घेतल्यावर दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली जाणं, कधी जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर ते देतात तेव्हा रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं, हृदय-यकृत बघून देतात. नकळत दिलं तर ते विषप्रयोगाच्या जवळ जातं.

दुसरी वाट माळेची. आपल्या दोन्ही तालुक्यांत वारकरी परंपरा घट्ट आहे आणि माळ घालून दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत. मी तिला हसणार नाही. माळेत फार शहाणपणाची गोष्ट आहे. माणसाला नवी ओळख मिळते, संध्याकाळचं भजन मिळतं, पिणाऱ्यांच्या कट्ट्याऐवजी बसायला दुसरी जागा मिळते. रामलालनं भगीरथला हेच दिलं होतं. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं माळ घातली आणि एका दिवसात सगळं थांबवलं, तर शरीर शपथ ऐकत नाही. पहिल्या दिवसापासून हात कापायला लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस बडबडतो, ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. ते बाहेरचं नसतं, दारू अचानक तुटल्याचं लक्षण असतं, आणि वेळेवर दवाखाना गाठला नाही तर माणूस दगावतो. म्हणून माळ घालावी, पण त्याआधी एकदा डॉक्टरला दाखवावं. बुवांनी कीर्तनात एवढं एक वाक्य घातलं तर काही जीव वाचतील.

गोव्यातल्या चार भेटी

आता तुम्ही म्हणाल, ओपीडीनं खरंच होतं का हो काही? घरी राहून? बाटली कोपऱ्यावर असताना?

आपल्या शेजारच्या गोव्यातलं एक काम सांगतो. ‘संगात’ या संस्थेच्या लोकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. आरोग्य केंद्रात दुसऱ्याच कशासाठी तरी आलेले, पण पिणं घातक पातळीवर गेलेले पुरुष निवडले, ३७७ जण. निम्म्यांना नेहमीची सेवा, आणि निम्म्यांना तिच्या जोडीला समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार भेटी. समुपदेशक कोण? डॉक्टर नव्हे, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेली आसपासचीच साधी माणसं. तीन महिन्यांनी घातक पातळीच्या खाली आलेले, भेटी झालेल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्या गटात २६ टक्के. आधीच्या दोन आठवड्यांत दारूला अजिबात न शिवलेले, ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. आणि वर्षानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा तो फरक टिकून होता.

हे आकडे मला आवडतात, कारण ते चमत्काराची भाषा बोलत नाहीत. शंभरातले छत्तीस, म्हणजे चौसष्ट जण अजून त्याच पातळीवर. त्यातही हे घातक पिणारे होते. शरीर पूर्ण दारूवर अवलंबून झालेल्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं, तेव्हा त्यांच्याबद्दल यावरून काही ठरवता येत नाही. पण चार भेटींत, गावातल्या केंद्रात, साध्या माणसांनी केलेल्या बोलण्यानं एवढं होतं, हे कळल्यावर रामलाल आणि भगीरथचा तो प्रवेश मला नाटकीपणाचा वाटेनासा होतो. महाराष्ट्रातही गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’नं तालुक्याच्या ठिकाणी दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी क्लिनिक चालवली आहेत. म्हणजे तालुका ही उपचाराची जागा होऊ शकते.

आणि शरीर दारूवर अवलंबून झालेलं असेल तर? तरीही पुष्कळांना घरी राहून सोडवता येते, एका अटीवर. डॉक्टरनं आधी बघितलं पाहिजे. पूर्वी दारू तुटल्यावर फिट आली होती, भ्रम झाला होता, कावीळ किंवा दुसरा मोठा आजार आहे, जीव द्यायचे विचार आहेत, घरात लक्ष ठेवणारं कोणी नाही, अशांना दाखलच करावं लागतं. बाकीच्यांना पाच-सात-दहा दिवस कमी कमी करत जाणाऱ्या गोळ्या, बी-वन, आणि पहिले काही दिवस रोज तपासणी. मग ओढ कमी करणारी औषधं, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट वगैरे, महिनोन्‌महिने. गर्दसारख्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिन देखरेखीखाली देतात, तेही बाह्यरुग्ण विभागातच.

चिखलाची गोष्ट

अशा उपचाराची गोष्ट लिहिणं अवघड का, ते महाडकरांना सांगायला नको. सावित्री-गांधारीचं पाणी शिरतं, एक-दोन दिवस राहतं. २०२१ च्या जुलैत साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. पाणी ओसरल्यावर कॅमेरे गेले. त्यानंतर घराघरांतून चिखल काढणं, गाद्या फेकणं, दुकान परत उभं करणं, हे किती महिने चाललं, ते कुणी पाहिलं? दारू तुटण्याचे पहिले काही दिवस म्हणजे पूर. त्यात नाट्य आहे. ओपीडी म्हणजे चिखल उपसणं. आपलं साहित्य पुरावर लिहितं, चिखलावर लिहीत नाही.

या चिखलाच्या गोष्टीत काय काय असतं? शिमगा असतो, गणपती असतो. मुंबईचे चाकरमानी येतात, जाखडी नाचून झाल्यावर बाटली फिरते, आणि ज्याचे आठ महिने कोरडे गेलेत तो तिथंच घसरतो. पगाराचा दिवस असतो. रात्रपाळी सुटल्यानंतरची सकाळ असते. आणि घसरल्यावर सोमवारी ओपीडीत जायचं की तोंड चुकवायचं, हा प्रश्न असतो. माझ्या मते तिसऱ्या गोष्टीचा खरा कळसाध्याय तोच आहे. घसरलेला माणूस परत रांगेत येऊन उभा राहतो की नाही. मधुमेहाची साखर वाढली तर आपण म्हणतो, गोळी बदलू. दारूचा पेशंट घसरला तर म्हणतो, बघ, म्हटलं नव्हतं? हे ‘म्हटलं नव्हतं’ आपल्याला सुधाकरनं शिकवलं.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळून पुढं जाणार नाही. लहान गावात ओपीडीच्या रांगेत शेजारी भेटतो. अमका दारूच्या डॉक्टरकडं दिसला, ही बातमी संध्याकाळी वाडीवर. दूरच्या केंद्रात निदान कोणी ओळखत नाही. याला उत्तर आहे. दारूची वेगळी पाटी लावून वेगळी रांग करू नये. महाड आणि पोलादपूर, दोन्हीकडं सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. बीपी-शुगरच्या त्याच रांगेत, त्याच केसपेपरवर हे उपचार मिळायला हवेत, म्हणजे कोण कशासाठी आलाय हे कळत नाही. ही मागणी कुणाकडं मेहेरबानी मागणं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक विकार आपल्या व्याख्येत घेतलेत आणि सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिलाय. गावं मतदान घेऊन बाटली आडवी करतात, त्याचं मला कौतुक आहे. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याचे हात कापतात, त्याच्यासाठीही त्याच ग्रामसभेत ठराव व्हावा. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ठरल्या वारी दारूचे उपचार आणि समुपदेशन मिळावं, असा. आणि तोवर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शेवटी साहित्याकडं येतो, कारण माझं काम तेच आहे. ‘एकच प्याला’ करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. पण बसवताना सुधाकर नोकरी मागायला जातो तो भाग कापू नका, आणि भगीरथच्या प्रवेशाला वेळ द्या. नव्यानं लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की वर्षभराची एक वही लिहा. तारखा घाला, खाडे घाला, घसरणं घाला, परत जाणं घाला. त्यात बायकोचं बोलणं असू दे, १९२७ च्या महाडच्या बाईचं, सिंधूचं नको. अशी गोष्ट इथल्या जाखडीत आली, कीर्तनाच्या आख्यानात आली, तर घरातल्या माणसाकडं बघून ‘याचा सुधाकर होणार’ असं म्हणण्याआधी कोणीतरी विचारेल, याला सोमवारी घेऊन जायचं का?

भगीरथानं गंगा आणली ती एका दिवसात नव्हे, हे आपण पुराणात वाचलंय. नाटकात मात्र त्याच्या सुटकेला फार थोडा वेळ मिळाला. त्याचा राहिलेला वेळ त्याला देऊ या.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.